पाकीटकाकू

आमच्या ऑफिसात एक बाई होत्या. चोराला पकडण्याआधी त्या त्याला फोन करून विचारायच्या, "काय हो, तुम्ही चोर तर नाही ना?" ही थट्टा नव्हे. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी वर्षानुवर्षं हे ऐकलं आहे. समोरचा माणूस गोंधळून "नाही बुवा" म्हणाला की त्या म्हणायच्या, "मग ठीक. आमच्या मास्तरांना तुमचा जरा संशय आलाय. मी समजावते त्यांना." आणि फोन ठेवून त्या माणसाचं अडकलेलं पत्र सोडून द्यायच्या.

मास्तर म्हणजे चाळणी. आमचा धंदा ईमेलचा. घाटकोपर स्टेशनाजवळ एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं, म्हणजे अजूनही आहे. डॉक्टर, क्लासवाले, शाळा, सोसायट्या अशा लहानसहान गिऱ्हाइकांचं टपाल आमच्या सर्व्हरवरून यायचं-जायचं. आता या टपालात खऱ्यापेक्षा खोटंच जास्त. तुम्हाला लॉटरी लागली, तुमचं पार्सल अडकलं, तुमचं खातं आज संध्याकाळी बंद पडणार. हे गिऱ्हाइकाच्या माथी बसू नये म्हणून सर्व्हरच्या दारात एक चाळणी बसवलेली असते. ती प्रत्येक पत्राला मार्क देते. विषय सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलाय, द्या मार्क. आत मजकूर नाही, नुसतं चित्र, द्या मार्क. पत्ता एका ठिकाणचा आणि पत्र निघालंय भलतीकडून, आणखी द्या. शाळेत मार्क जास्त तो पास, आमच्याकडे मार्क जास्त तो नापास. थोडे मार्क असले तर पत्र सरळ पुढे जातं, मधले असले तर अडकून राहतं आणि फारच झाले तर कायमचं पुसलं जातं. काकू सकाळी पर्स ठेवता ठेवता म्हणायच्या, "बघू गं, मास्तरांनी आज कुणाकुणाला कोंबडा केलंय."

काकू मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन मुलुंडला आलेल्या. हसताना आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा. त्यांच्या टेबलावर एक लँडलाइन फोन होता, वेटोळ्या वायरचा. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तरी त्यांनी तो सोडला नाही. "लँडलाइनचा नंबर दिसला की माणूस सरळ बसून बोलतो," असं त्यांचं म्हणणं. रोज चार वाजले की त्या चष्मा पुसायच्या, अडकलेल्या पत्रांची यादी उघडायच्या आणि ज्यांच्याबद्दल मन साशंक आहे त्यांचा नंबर विषयातून, नाहीतर गिऱ्हाइकाकडून मिळवून एकेक फोन लावायच्या. याला आम्ही चारची फेरी म्हणत असू. फेरी संपल्याशिवाय त्या चहाला हात लावायच्या नाहीत. आम्हीही मग लाजेकाजेस्तव थांबायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

कर्जतला प्लॉट विकणारा एकजण होता. त्याची पत्रं मास्तर नेमानं अडवायचे. काकूंनी फोन केला तर तो पठ्ठ्या म्हणाला, "मॅडम, साइट व्हिजिटला कधी येताय? गाडी पाठवतो." काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. नळ, वीज, हायवे, डोंगराचा देखावा. मग म्हणाल्या, "छान आहे हो. पण तुमची पत्रं मी अडवणार आहे. लोकांनी मागितलेली नाहीत ती. राग मानू नका." त्यानं राग मानला नाही. पुढे दर दिवाळीला तो काकूंना फोन करून शुभेच्छा द्यायचा आणि जाता जाता प्लॉटचं विचारायचा.

पाकीटकाकू हे नाव आमच्या मालकांनी, निमेशभाईंनी पाडलं. त्याला कारण काकूंचा एक नियम. मी नवीन होते, वाकोल्याहून दोन बस बदलून यायचे आणि आपल्याला सगळं येतं हे दाखवायची मला घाई होती. अडकलेलं एक पत्र खरं की खोटं कळेना, म्हणून मी ते उघडायला गेले. काकूंनी माझ्या हाताखालचा माउस अलगद काढून घेतला.

"पाकीट बघायचं. पत्र नाही बघायचं."

"पण काकू, आत बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"कुणी पाठवलं, कुठून निघालं, वाटेत कुठे कुठे थांबलं, वर काय लिहिलंय, एवढं आपलं. आतलं त्यांचं. पोस्टमन पत्रं वाचायला लागला तर गावात कुणी पत्र लिहील का गं?" आणि लँडलाइन माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "कळत नाही ना? मग विचारायचं. देवानं तोंड कशाला दिलंय?"

निमेशभाई केबिनमधून हे ऐकत होते. "काकू, इतकी पाकिटं बघता, एक दिवस लोक तुम्हाला पाकीटमार बोलतील हां," असं ते म्हणाले आणि त्या दिवसापासून काकूंच्या आडनावाची कुणाला गरज उरली नाही.

मास्तरांच्या चुका निस्तरणं हे काकूंचं खरं काम आणि त्यात त्यांना गंमतही वाटायची. मुलुंडचं एक वधूवर सूचक मंडळ आमचं गिऱ्हाईक होतं. त्यांचं एक पत्र धड पोचेना. पोचणार कसं? 'उंच, गोरी, हसतमुख, एकटी राहते, लवकर भेटण्याची इच्छा' असा मजकूर दिसला की मास्तर लाजून डोळे मिटायचे आणि मार्कांची खैरात करायचे. मंडळाच्या बाई फोनवर रडकुंडीला आल्या. "अहो, चांगल्या घरातली स्थळं आहेत ही!" काकूंनी त्या मंडळापुरता वेगळा नियम लिहिला: पत्रात रास, नक्षत्र, गोत्र, मामेकुळ असले शब्द एकत्र आले तर मार्क कमी करायचे. "फसवणाऱ्याला मामेकुळ सुचत नाही," असं त्यांनी मला गंभीरपणे समजावलं. नियम चालला. त्या वर्षी मंडळाकडून ऑफिसात लग्नाचे लाडू यायला लागले आणि ते कुणाच्या लग्नाचे आहेत हे न विचारता आम्ही खाल्ले.

भांडुपच्या एका शाळेचं प्रकरण जरा वेगळं होतं. तिथल्या मुख्याध्यापकांची परिपत्रकं अचानक अडकायला लागली. पाठवणारे खरे, पाकीट स्वच्छ, तरी मार्क ढीगभर. काकूंनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाला एक बटण दिलेलं असतं. पत्र खोटं वाटलं की ते दाबायचं, म्हणजे चाळणी त्यावरून शिकते. त्या शाळेतले सगळे शिक्षक सरांचं परिपत्रक आलं की गुपचूप ते बटण दाबत होते. मास्तर बिचारे शिकले. काकू स्वतः रिक्षा करून भांडुपला गेल्या आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या, "नावडतं म्हणजे खोटं नव्हे. नावडतं असेल तर न वाचता बाजूला ठेवा. पण खोटं म्हणू नका. आमचा मास्तर साधा आहे, तुमचं ऐकतो तो." मुख्याध्यापकांना मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "तांत्रिक बिघाड होता सर," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं लाडकं वाक्य भाताचं होतं. नव्या माणसाला चाळणी कडक करायची हौस असते, मलाही होती. मी मार्कांची मर्यादा खाली ओढली की त्या पुन्हा वर ढकलायच्या. "भातात खडा आला तर माणूस कुरकुरतो आणि जेवतो. पण खड्याच्या भीतीनं दाणेच फेकलेस तर त्यानं खायचं काय?" मी वाद घालायचे. आमच्या धंद्यात सगळे माझ्याच बाजूचे होते. खोटं आत आलं की गिऱ्हाईक ओरडतं, पण खरं बाहेर राहिलं तर गिऱ्हाइकाला पत्ताच नसतो. जे आलंच नाही त्याची तक्रार कोण करणार? काकू म्हणायच्या, "म्हणून तर. ज्याची तक्रार येत नाही त्याचीच काळजी आपण घ्यायची."

हे वाक्य मला निवासामुळे समजलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत गावाकडून रुग्ण येतात, त्यांच्याबरोबर आई-बाप, मामा, काका येतात आणि त्यांना टेकायला जागा नसते. आमच्या वाकोल्याच्या खोलीत माझ्या लहानपणी परभणीकडचं कुणी ना कुणी दवाखान्यासाठी उतरलेलं असायचंच. आम्ही भावंडं तेव्हा मोरीच्या कडेला पाय दुमडून झोपायचो. पण ज्यांचं वाकोल्याला कुणी नाही त्यांनी कुठे जायचं? अशांसाठी घाटकोपरला एका ट्रस्टनं खोल्या काढल्या होत्या. आम्ही त्याला नुसतं निवास म्हणायचो. खोल्या थोड्या, मागणारे फार. अर्ज ईमेलनं करायचा आणि संध्याकाळपर्यंत जे अर्ज पोचले त्यांतूनच खोल्या द्यायच्या, असा त्यांचा नियम होता.

आता हे अर्ज कसे यायचे? तालुक्याच्या सेवा केंद्रातून, तिथल्या पोऱ्याच्या खात्यावरून, विषय 'URGENT HELP' असा मोठ्या अक्षरांत आणि पुढे मोबाइल नंबर, आत एक अक्षर नाही, फक्त दवाखान्याच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो. मास्तरांच्या पुस्तकातले सगळे गुन्हे एका पाकिटात. खोटं पत्र आणि अडलेल्या माणसाचं पत्र बाहेरून अगदी सारखं दिसतं, हे मी निवासाच्या यादीत शिकले. एकदा वाशीमकडच्या एका बापाचं पत्र असं अडकलं होतं. काकूंनी चारच्या फेरीत फोन लावला तेव्हा तो दवाखान्याबाहेर फुटपाथवर मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. सकाळी अर्ज केला होता, उत्तराची वाट बघत होता. काकूंनी पत्र सोडलं, निवासाचे व्यवस्थापक गोखले यांना स्वतः फोन केला आणि खोली मिळाल्याचं कळल्यावर मग चहा घेतला. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी चरफडलं नाही.

आणि याच चारच्या फेरीनं एकदा आमची वाट लावली.

हिंगोलीकडच्या एका मुलीच्या मामानं निवासाला अर्ज केला होता. तो व्यवस्थित पोचला. दोन दिवसांनी त्याच पत्त्यावरून, त्याच विषयाखाली दुसरं पत्र आलं आणि अडकलं. पाकिटात थोडा वास होता, पण नाव ओळखीचं. काकूंनी नेहमीप्रमाणे फोन लावला.

"निवासाला मेल तुम्हीच पाठवलात का हो?"

"व्हय ताई, म्याच पाठवलाय. जागा मिळंल ना ताई? पोरगीला फार तरास हाय."

"मिळेल हो. काळजी करू नका," असं म्हणून काकूंनी पत्र सोडलं.

मामा खोटं बोलला नव्हता. तो आपल्या पहिल्या अर्जाबद्दल बोलत होता. दुसरं पत्र त्यानं पाठवलंच नव्हतं. सेवा केंद्राच्या संगणकावर त्याचं खातं उघडंच राहिलं होतं आणि ते कुणीतरी बळकावलं होतं. आत काय होतं ते काकूंनी नियमाप्रमाणे पाहिलं नाही. आत एक दुवा होता. गोखल्यांना वाटलं, कागदपत्रं पाठवलीत. त्यांनी तो दाबला, आमच्या लॉगिनच्या पानासारखंच दिसणारं पान उघडलं, त्यांनी बिनदिक्कत आपला पासवर्ड टाकला आणि पुढच्या काही तासांत निवासाच्या नावानं आमच्या सर्व्हरवरून जगभर लॉटरीची पत्रं सुटली.

जगातल्या सर्व्हरांनी मग आमच्यावरच दार लावलं. ऑफिसातले फोन थांबेनात. क्लासवाल्यांच्या नोट्स पोचत नव्हत्या, डॉक्टरांचे रिपोर्ट परत येत होते, वधूवर मंडळाच्या बाई पुन्हा रडकुंडीला आल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं त्याच दिवशी सोडून गेली. काकू परदेशातल्या काळ्या याद्या सांभाळणाऱ्यांना एकेक विनंती लिहीत बसल्या: आम्ही खरे आहोत, चूक झाली, दुरुस्त केली आहे, कृपया नाव काढा. उत्तरं यंत्रांची यायची. "आज आपणच कोंबडा झालो गं," त्या मला म्हणाल्या. त्यांचे खांदे हलले नाहीत. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्यावर विश्वास ठेवण्यात जिनं सगळी नोकरी घालवली, तिच्यावर विश्वास ठेवायला एक माणूस नव्हता, नुसती यंत्रं होती.

नाही, एक होता. तिसऱ्या प्रहरी लँडलाइन वाजली. सांगलीकडच्या एका कॉलेजचा सर्व्हर सांभाळणारा कुणी गृहस्थ होता. "बाई, तुमच्याकडून आमच्याकडे हे काय यायला लागलंय? तुम्हीच पाठवताय, का काही घोटाळा झालाय?" काकूंनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "घोटाळा झालाय हो. पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं." फोन ठेवल्यावर त्यांनी पदरानं डोळे टिपले. लगेच चष्माही पुसला, म्हणजे आम्हाला वाटावं की चष्माच पुसत होत्या.

सगळं मार्गी लागल्यावर निमेशभाईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. "काकू, आता हे फोन-बिन बंद करा ना यार. मास्तर बोलला डाउटफुल, तर सीधा डिलीट. अडकवायचंच नाही. माझं घर चालतं या धंद्यावर."

"एक खडा लागला म्हणून भात सोडायचा का?"

"काकू, एक खडा? पूर्ण बत्तीशी गेली माझी!"

हसू आलं तरी कुणी हसलं नाही. काकूंनी मान्य केलं की चूक त्यांची. एका खात्यावरून ठरावीक पत्रांपेक्षा जास्त सुटूच नयेत असा बंदोबस्त त्यांनी आधीच केला होता. पासवर्डबरोबर मोबाइलवर आलेला आकडा मागायची सोयही लावली होती. बाकी गिऱ्हाइकांची चाळणी निमेशभाई म्हणतील तितकी कडक करायला त्या तयार होत्या. फक्त निवासाचं एकही पत्र माणसानं न बघता पुसायचं नाही, एवढं एक मागणं त्यांनी धरून ठेवलं. "तिथे आपण एक पत्र फेकलं की एक माणूस फुटपाथवर झोपतो, निमेशभाई. आणि तो आपल्याला शिव्याही देत नाही, कारण त्याला कळतच नाही."

निमेशभाई बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "ठीक आहे. निवासाचं चालू ठेवा. पण तुम्ही आहात तोपर्यंत. नंतर बंद." काकूंच्या निवृत्तीला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

त्यानंतर काकूंनी आपला प्रश्न बदलला. 'पाठवलंत का' असं त्यांनी पुन्हा कधी कुणाला विचारलं नाही. "तसं विचारलं की अडलेला माणूस हो म्हणणारच," त्या मला म्हणाल्या. "त्याला वाटतं, नाही म्हटलं तर जागा जाईल. म्हणून आपण विचारायचं, काय पाठवलंत ते तुम्हीच सांगा. ज्यानं पाठवलंय तो बरोबर सांगतो, आणि फोटो किती, कधी निघाले हे पाकिटाशी ताडून बघता येतं." हिंगोलीच्या मामाला कुठूनसं हे सगळं कळलं होतं. त्याचा फोन आला, "ताई, माझ्यामुळं झालं का हो?" काकू म्हणाल्या, "छे हो, मास्तरांची चूक. भाचीचं कसं आहे ते सांगा." भाचीला खोली मिळाली होती. तेवढं काकूंनी त्या गोंधळाच्या दिवशीही बघितलं होतं.

निरोपाच्या दिवशी निमेशभाईंनी मोठा केक मागवला होता. मेणबत्ती लावली, सगळे गोल उभे राहिलो, निमेशभाईंनी सुरी पुढे केली आणि घड्याळात चार वाजले. काकू "आलेच हं" म्हणून आपल्या टेबलाशी गेल्या आणि चष्मा पुसून त्यांनी यादी उघडली. निमेशभाई हातात सुरी धरून उभे. मेणबत्तीचं मेण केकवर गळत होतं. आतून आवाज येत होता, "काय पाठवलंत ते तुम्हीच सांगा बघू. फोटो? कसला फोटो? दवाखान्याच्या कागदाचा? एकच? सकाळी दहाला? हां, मग तुमचाच."

फेरी आटोपून त्या आल्या तेव्हा निमेशभाई हळूच म्हणाले, "काकू, आता उद्यापासून ते..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण काकूंना आणि मलाही ते कळलं. काकू केककडे बघत राहिल्या. ज्या बाईनं निवृत्तीच्या दिवशी स्वतःसाठी काही मागितलं नाही, तिचं एवढंसं काम तिच्याबरोबर संपणार, हे मला सहन होईना. "उद्यापासून मी करणार," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. निमेशभाईंनी मला आणि काकूंना आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही दोघी मला बर्बाद करणार," ते म्हणाले आणि सुरी काकूंच्या हातात दिली. काकूंनी केक कापला आणि पहिला तुकडा मला भरवला. वर कानात म्हणाल्या, "आधी फोन, मग चहा. लक्षात ठेव."

निवृत्त झाल्यावर त्या मला ईमेल पाठवायला लागल्या. विषय नाही, मजकूर नाही, नुसतं चित्र. साहजिकच मास्तर ते अडवायचे; ऑफिसचं स्वतःचं टपालही निवासासारखं न पुसता अडकवूनच ठेवलं जायचं. चारच्या यादीत निवासाच्या अर्जांबरोबर काकूंचं नाव दिसायचं. मी मुलुंडला फोन लावायचे आणि नियमाप्रमाणे विचारायचे, "काय पाठवलंत ते तुम्हीच सांगा." पलीकडून खणखणीत उत्तर यायचं, "जास्वंद!" गॅलरीतल्या कुंडीत फूल आलं की त्याचा फोटो. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. विषयात दोन शब्द लिहिलेत तर पत्र सरळ येईल ना?" त्या म्हणाल्या, "सरळ आलं तर तू फोन कशाला करशील गं?" मागून काकांचा हसण्याचा आवाज आला. काकाही निवृत्त झालेले, दोघंच राहत होती. मुलगी परदेशी.

पुढे काकू आजारी पडल्या. फार दिवस काढले नाहीत. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता. मला बघून म्हणाल्या, "आज कोंबडे किती?" मी म्हटलं, "चार-पाच होते. सगळे सोडले." त्यांनी मान हलवली. खांदे थोडे हलले, आवाज मात्र आला नाही. ती आमची शेवटची भेट. त्यांच्याइतकं मला या धंद्यात कुणी दिलं नाही आणि हे त्यांना मी नीट सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पाकीट बघ, पत्र नको.

त्या गेल्यानंतर काही महिन्यांनी चारची यादी उघडली आणि मी खुर्चीला टेकले. यादीत काकूंचं नाव होतं. पत्ता त्यांचाच. पाकीट पाहिलं तर पत्र निघालं होतं कुठल्यातरी परक्या देशातल्या यंत्रावरून. नाव उसनं घेतलेलं. असं होतं. माणूस गेला तरी त्याचा पत्ता लोकांच्या याद्यांत फिरत राहतो आणि खोटं पत्र पाठवणाऱ्याला नाव कुणाचं का असेना, चालतं. एका ओळीचा नियम लिहिला की ते नाव कायमचं बंद होणार होतं. पण फोन केल्याशिवाय कुणाला बंद करायचं नाही हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांचंच ते नाव. मी मुलुंडचा नंबर लावला.

काकांनी उचलला. मी सांगितलं, "काका, काकूंच्या नावानं एक मेल आलाय. अडकलाय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग त्यांनी विचारलं, "काय पाठवलंय तिनं?"

"काका, नाव काकूंचं आहे. पण त्यांनी पाठवलेलं नाही."

"नक्की? नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"मग बंद कर," काका म्हणाले. "तिच्या नावानं कुणी फसायला नको. तिला चाललं नसतं." मग म्हणाले, "चार वाजलेत ना गं?"

"हो काका."

"वाटलंच," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी ती एक ओळ लिहिली. काकूंचं नाव बंद झालं. त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

आठवडा गेला असेल नसेल. यादीत निवासाचे दोन अर्ज होते आणि खाली एक नवीनच पत्ता. विषय नाही, मजकूर नाही, नुसतं चित्र. मास्तरांनी दणकून मार्क दिले होते. पाकीट बघितलं, मुलुंडहून निघालं होतं. आधी निवासाचे दोन फोन केले. मग तिसरा लावला आणि विचारलं, "काय पाठवलंत ते तुम्हीच सांगा."

"जास्वंद," काका म्हणाले.